निळ्या फुलाची कुळकथा

संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा "विहाराचा इतिहास लिहा" असंच सांगितलं होतं. पण जागा कशी मिळाली, पाया कोणी खणला, वर्गणी कोणी किती दिली, हे सगळं आपल्या वडीलधाऱ्यांनी आधीच्या स्मरणिकेत लिहून ठेवलेलं आहे. त्यात भर घालावी एवढी माझी योग्यता नाही. म्हणून मी एका कुंडीचा इतिहास लिहायला घेतला. विहाराच्या पायऱ्यांजवळ, डाव्या हाताला, काही वर्षांपूर्वी एक कुंडी होती. त्या कुंडीवरून आपल्या वस्तीत जी बोलाचाली झाली ती पुष्कळांना आठवत असेल. आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

आपल्यातलेच एक रेल्वेतून निवृत्त झालेले उपासक सहकुटुंब महाबळेश्वर-पाचगणीला जाऊन आले. येताना त्यांनी तिकडच्या एका नर्सरीतून फुलझाडाची कुंडी आणली आणि आषाढ पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या दिवशी, ती विहाराला दान दिली. हायड्रेंजिया त्या झाडाचं नाव. मराठीत त्याला रुळलेलं नाव नाही, नर्सरीवालेही हेच म्हणतात. आपली मुलं त्याला ‘हायड्रा’ म्हणू लागली. पानं मोठी, जाडसर, कडेला करवतीसारखी कातरलेली. आणि फूल म्हणजे एक फूल नव्हेच, शेकडो लहान फुलांचा मिळून झालेला नारळाएवढा गेंद. रंग निळा, आपल्या ध्वजाच्या निळ्याला अगदी जवळचा. संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन ऐकायला येणारा प्रत्येक जण आधी त्या कुंडीपाशी थांबायचा, मग चपला काढायचा.

दुसऱ्या पावसाळ्यात एकच गेंद आला, तोही लहान, आणि रंग गुलाबी! एका आजीबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "हाई फूल ते निळं व्हतं, आते गुलाबी कसं व्हयनं वो?" या साध्या प्रश्नाला उत्तर देणारं कोणी नव्हतं, म्हणून मग नाही नाही ती उत्तरं निघाली. कोणी म्हणालं कुंडी बदलली. कोणी म्हणालं निळं झाड घरी नेऊन दुसरं आणून ठेवलं. विहाराच्या झाडांना रोज पाणी घालणाऱ्या ज्या मावशी, त्यांच्यावर सगळा रोख. "साबणाचं पाणी ओततात, दुसरं काय!" असंही बोललं गेलं. पुढच्या वर्षी झाडाची पानं पिवळी पडली आणि वैशाखात, बुद्ध पौर्णिमेच्या आठवडाभर आधी, झाड वाळून गेलं. मावशींनी तेव्हापासून बागेला हात लावला नाही. त्या वंदनेला येतात, पण मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसतात.

मी शाळेत शिकवलेला माणूस. झाडाचा रंग बदलतो याला काहीतरी कारण असलं पाहिजे, एवढं मला कळत होतं. कारणाशिवाय काही घडत नाही हे आपण दर रविवारी ऐकतो, आणि घरी जाऊन शेजारणीवर संशय घेतो. असो. मी वाचत गेलो तेव्हा कळलं की हे फूल आपल्याला वाटलं तितकं परकं नाही.

हायड्रेंजियाच्या जाती आशियात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे आहेत. आपल्या हिमालयातही काही रानटी जाती आढळतात. पण आपल्या कुंडीतली जी जात, तिचं घर जपान. तिथे तिला ‘अजिसाई’ म्हणतात. आठव्या शतकात जपानमध्ये जो जुना काव्यसंग्रह तयार झाला, ‘मान्योशू’ नावाचा, त्यातसुद्धा या फुलाचा उल्लेख आहे. जपानचा पावसाळा जून-जुलैचा, आणि नेमकं त्याच दिवसांत हे फूल बहरतं. म्हणजे आपल्याकडे भिक्खू वर्षावासाला बसतात तेव्हा तिकडच्या बुद्धविहारांच्या पायऱ्यांवर अजिसाईचे ताटवे फुललेले असतात. कामाकुरा या गावातलं मेइगेत्सु-इन नावाचं विहार तर या निळ्या फुलांसाठीच प्रसिद्ध आहे. पावसात छत्र्या घेऊन लोक रांगा लावतात.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. आपण बुद्ध जयंती वैशाख पौर्णिमेला करतो, जपानमध्ये ती 8 एप्रिलला होते. त्या दिवशी फुलांनी सजवलेल्या लहान मंडपात बाल सिद्धार्थाची मूर्ती ठेवतात. उजवा हात आकाशाकडे, डावा जमिनीकडे. आणि येणारा प्रत्येक जण, लहान मूलसुद्धा, पळीने त्या मूर्तीवर एक गोड चहा ओततो. जन्माच्या वेळी आकाशातून जलधारा झाल्या, अशी जी जुनी कथा आहे तिची ही आठवण. हा चहा कशाचा? तर हायड्रेंजियाच्याच एका डोंगरी जातीच्या पानांचा! त्याला ‘आमाचा’ म्हणतात, म्हणजे गोड चहा. ओलं पान चावलं तर गोड लागत नाही. ते सुकवून, चोळून, आंबवून परत वाळवलं की त्यात साखरेच्या कित्येक शे पट गोड असा पदार्थ तयार होतो. म्हणजे ज्या झाडावरून आपण एका बाईला बोल लावला, त्याच्या भाऊबंदाच्या पानांनी तिकडे शेकडो वर्षे तथागतांना स्नान घातलं जातं.

इथे एक सावधगिरीची सूचना देऊन ठेवतो, कारण आपल्याकडे कोणी उत्साहाने प्रयोग करील. बागेतल्या हायड्रेंजियाची पानं विषारी आहेत. 2008 साली जपानमध्येच, जेवणाच्या ताटात शोभेसाठी ठेवलेली ही पानं खाऊन माणसं आजारी पडली होती. आमाचाची जात वेगळी, करण्याची पद्धत वेगळी. नर्सरीतल्या झाडाचा चहा कोणी करू नये, आणि शेळ्यांच्या तोंडाशी तर कुंडी मुळीच ठेवू नये.

जपान म्हटलं की लांब वाटतं. पण जळगाव स्टेशनला उतरून अजिंठ्याला जाणारे जपानी पाहुणे आपण लहानपणापासून पाहिले आहेत. 1917-18 च्या सुमाराला अराई काम्पो नावाचा जपानी चित्रकार अजिंठ्याला येऊन राहिला आणि त्याने भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवून घेतली. जपानमधल्या होर्युजी या प्राचीन विहाराच्या भिंतींवर अजिंठ्यासारखीच चित्रं होती, ती 1949 च्या आगीत खराब झाली. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला आपला पद्मपाणी हातात काय धरून उभा आहे? निळं कमळ. तेव्हा निळ्या फुलाचं आणि धम्माचं नातं बघायला आपल्याला जपानला जायची गरज नाही, साठेक किलोमीटरवर आहे.

आता हे झाड जपानबाहेर कसं पडलं ते ऐका. त्या काळी जपानने परदेशी लोकांना दारं बंद केली होती. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना परवानगी, तीसुद्धा नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या चिमुकल्या बेटापुरती. 1775 साली कार्ल थुनबर्ग हा स्वीडनचा वैद्य डच कंपनीचा डॉक्टर म्हणून तिथे आला. त्याला बेटाबाहेर हिंडायची बंदी. तेव्हा हा पठ्ठ्या काय करायचा, तर बेटावरच्या जनावरांसाठी जो चारा यायचा तो उपसून त्यातली झाडपाला-फुलं वेगळी काढायचा! 1784 साली त्याने जपानच्या वनस्पतींवर पुस्तक छापलं, त्यात हे झाड आहे. 1789 मध्ये सर जोसेफ बँक्स यांच्यामार्फत चीनमधून एक रोप लंडनच्या क्यू बागेत पोचलं.

पुढे 1823 साली त्याच बेटावर सीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर आला. ताकी नावाच्या जपानी स्त्रीबरोबर तो संसार करून राहिला. 1829 साली, जपानचे नकाशे जवळ सापडले म्हणून, त्याला देशाबाहेर काढलं. बायको आणि दोन वर्षांची मुलगी मागे राहिली. युरोपात परतल्यावर त्याने या फुलाच्या एका प्रकाराला नाव दिलं ‘ओताक्सा’. ताकीला तो ‘ओ-ताकी-सान’ म्हणून हाक मारायचा, त्यावरून. नाव शास्त्राच्या नियमात टिकलं नाही, पण गोष्ट टिकली. आणि मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं, की ती मागे राहिलेली मुलगी, कुसुमोतो इने, मोठी होऊन पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली जपानमधली पहिली स्त्री डॉक्टर मानली जाते. बापाचं नाव फुलाच्या पुस्तकात, मुलीचं नाव दवाखान्यात. आपल्या मुलींनी हे दुसरं नाव ध्यानात ठेवावं.

‘हायड्रेंजिया’ हा शब्द मात्र जपानी नाही, ग्रीक आहे. अर्थ पाण्याचं भांडं. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या एका जातीवरून तो दिला गेला, कारण तिचं बी असलेलं बोंड घड्याच्या आकाराचं दिसतं. पाण्याचा घडा! ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या विहिरीवर घडा बुडवायची मनाई होती, ज्यांच्यासाठी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं, त्यांच्या दारात हे नाव येऊन उभं राहिलं.

आपल्या देशात हे झाड इंग्रजांच्या पायांनी डोंगरावर चढलं. सिमला, दार्जिलिंग, उटी, जिथे जिथे साहेब उन्हाळा काढायला गेला तिथे तिथे त्याने विलायतेसारखी बाग केली. आपल्याकडे मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांच्या वेळी, 1828-29 मध्ये, महाबळेश्वर वसलं. पाचगणीत चेसन नावाच्या इंग्रजाने परदेशी झाडं लावायचा सपाटाच लावला. तिकडची माती म्हणजे जांभा, तांबडी. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्याही वर. असल्या पावसात मातीतला चुना धुपून जातो आणि माती आंबट होते. शेतकरी बांधव ज्याला सामू म्हणतात तो तिकडे साडेपाचाच्या आसपास किंवा त्याहून खाली.

आणि इथेच आजीबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. अॅल्युमिनियम हा धातू सगळ्याच मातीत असतो. आंबट मातीत तो विरघळून मुळांना मिळतो, झाडातून वर चढतो आणि फुलातल्या रंगद्रव्याशी जोडला गेला की फूल निळं दिसतं. आपली तापीकाठची काळी माती कसदार खरी, केळीला आणि कपाशीला सोन्यासारखी, पण तिच्यात चुनखडी. तिचा सामू साडेसात ते साडेआठ. पाऊस जळगावला सातशे मिलिमीटरच्या आसपास, धुळ्याला त्याहूनही कमी, तेव्हा चुना धुपणार कुठून? असल्या मातीत अॅल्युमिनियम असूनही बांधलेलं राहतं, मुळांना मिळत नाही. मग तेच रंगद्रव्य गुलाबी दिसतं. झाड तेच, फांदी तीच, बी तेच. निळेपणा किंवा गुलाबीपणा ते जन्मतः घेऊन येत नाही. कोणीही कुंडी बदलली नव्हती. पाचगणीची तांबडी माती आपण पहिल्या हिवाळ्यात काढून टाकली, मोठ्या कुंडीत मळ्यातली काळी माती भरली, बोअरचं जड पाणी घातलं, आणि रंग बदलला.

पानं पिवळी पडली त्याचंही कारण तेच. चुनखडीच्या मातीत लोहसुद्धा मुळांना मिळत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, याला आपले शेतकरी ‘केवडा पडला’ म्हणतात.

आता मला स्वतःबद्दल लिहायचं आहे. दरवर्षी 14 एप्रिलच्या आधी आपण विहाराला चुना देतो आणि कुंड्यांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढतो. ते काम माझ्याकडे असतं. उरलेलं चुन्याचं पाणी कुठे टाकायचं, म्हणून मी ते झाडांच्या बुडाशी ओतत आलो. ‘कीड मरते’ असं माझे वडील म्हणायचे. त्या कुंडीत मी दोन वर्षे, दोन वेळा, चुन्याचं पाणी ओतलं. चुनखडीच्या मातीत वरून चुना! शिवाय जानेवारीत मी त्या झाडाच्या सगळ्या काड्या गुलाबासारख्या छाटल्या. हायड्रेंजियाच्या या जातीला फूल येतं ते गेल्या वर्षीच्या काडीवर. ती छाटली की पुढच्या वर्षीचं फूल गेलं. मावशींनी फक्त पाणी घातलं होतं. त्यांच्याविषयी बोललं जात होतं तेव्हा मीही गप्प बसून ऐकलं.

पाण्याविषयी दोन शब्द लिहिणं भाग आहे. आमच्या आईच्या काळात महारवाड्यात फुलझाड नव्हतं. आवड नव्हती असं नाही. वरच्या आळीतला कोणी ओंजळीत किंवा घड्यात वरून पाणी ओतील तेव्हा मिळायचं, त्यात फुलाला कुठून देणार? वडील रेल्वेत लागले आणि भुसावळला क्वार्टर मिळालं, तेव्हा दाराशी नळ आला. आईने पहिल्याच आठवड्यात तेलाच्या डब्यात सदाफुली लावली. भांडी विसळलेलं पाणी ती त्या डब्यात टाकायची. 1972 च्या दुष्काळातही ती सदाफुली जगली. मावशींची रीत तीच आहे. आजही आपल्या वस्तीत नळ रोज येत नाही, आणि त्या बोअरवरून हंडा आणून कुंड्या भिजवायच्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. हायड्रेंजियाची पानं रुंद, पाणी भराभर उडून जातं, सकाळी भिजवलेलं झाड दुपारी मान टाकतं. जपानमध्ये बुद्ध जयंती येते ती वसंतात. आपली वैशाख पौर्णिमा म्हणजे भट्टी. ते झाड पहिल्या उन्हाळ्यात जगलं तेच नवल, आणि ते मावशींनी त्याच्यावर ओलं गोणपाट बांधलं म्हणून.

मग खानदेशात हे झाड होतच नाही का? माझी धाकटी बहीण धुळ्याला असते. 1937 साली 31 जुलैला बाबासाहेब धुळ्याला आले असताना लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गेले होते, त्याची आठवण म्हणून दरवर्षी त्या तारखेला तिथे यात्रा भरते. आम्ही भावंडं तिथे भेटतो. आमची कुंडी मेल्याचं ऐकून तिने हट्टाने एक रोप आणवलं. ते जमिनीत लावायचं नाही, कुंडीतच ठेवायचं, हे मी तिला सांगितलं. काळ्या मातीऐवजी तिने कुजलेला पालापाचोळा, नारळाचा भुसा आणि थोडी तांबडी माती भरली. कुंडी उत्तरेच्या भिंतीला, निंबाच्या सावलीत, सकाळचं कोवळं ऊन तेवढं लागेल अशी. पावसाचं पाणी ती पत्र्याच्या पन्हाळीखाली ड्रममध्ये धरते, कारण पावसाच्या पाण्यात चुना नसतो. आणि महिन्यातून एकदा चार लिटर पाण्यात चमचाभर तुरटी विरघळवून घालते. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. जास्त घातली तर मुळं जळतात. छाटायचं तर फूल ओसरल्यावर लगेच, थंडीत कात्री लावायची नाही.

गेल्या वर्षी तिच्याकडे दोन गेंद आले. रंग ना निळा ना गुलाबी, जांभळट. ती खूश आहे. पण मे महिन्यात टँकर गल्लीत यायच्या दिवशी तिचा फोन येतो, "दादा, एका झाडाला रोज दोन तांबे जातात. सासूबाई काही बोलत नाहीत, पण बघतात." यावर मी तिला काय सांगावं? मी म्हणतो, ठेव. आम्हाला फुलासाठी पाणी ठेवता येतं, हे बघायला आई असायला हवी होती.

विहारात मात्र आम्ही दुसरं झाड आणलं नाही. कुंपणाच्या जाळीवर गोकर्णीचा वेल सोडला आहे. काळी माती, चुनखडी, ऊन, सगळं तिला चालतं, आणि फूल असं निळं की विचारू नका. गंमत म्हणजे तिचं गणित उलटं. गोकर्णीची फुलं गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, त्यात लिंबू पिळलं की तेच पाणी जांभळं-गुलाबी. आंबटपणाने इथे निळं जातं, तिथे निळं येतं. रविवारच्या धम्मवर्गात मुलांना हा प्रयोग करून दाखवला तेव्हा वर्गणीतून आणलेली दोन डझन लिंबं संपली, त्याचा हिशेब खजिनदारांनी अजून मागितलेला नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी मावशींकडे गेलो आणि त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवला. जपानचा भाग त्यांनी शांतपणे ऐकला. सामूचं आणि अॅल्युमिनियमचं आलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. चुन्याचं पाणी आलं तसा त्यांनी सूप खाली ठेवला.

"मंग भाऊ, चुना तूच टाकेल व्हता का?"

मी हो म्हटलं. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, गोकर्णीच्या शेंगा आता वाळल्या असतील, फुटून बी खाली सांडायच्या आधी काढायला पाहिजेत, आणि पदराला हात पुसत उठल्या.